किल्लीच्या घरचं मत

डोंगरातल्या प्रत्येक गावात शाकिर बेगची एक किल्ली होती. लोखंडाची नव्हे, हाडामांसाची. निवडणूक आली की गावातलं घर न घर उघडून त्यातली मतं काढून बेगच्या ओंजळीत घालायची, हे किल्लीचं काम. ऐन-अल-जौझ गावाची किल्ली होता नख्ले. थोरल्या मुलाच्या नावावरून सगळे त्याला अबू तन्नूस म्हणजे तन्नूसचा बाप म्हणत, आणि त्याच्या बायकोला उम्म तन्नूस. बेग बैरूतला संसदेत जाऊन काय करतो हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, नख्लेलाही नव्हतं. पण बेगच्या दिवाणखान्यात दाराशेजारची एक खुर्ची त्याच्यासाठी मोकळी असे आणि कॉफीचा पेला त्याच्यापर्यंत शेवटून दुसरा का होईना, पण यायचा. एवढ्यावर माणूस आयुष्यभर खूश राहू शकतो. नख्ले राहिला होता.

सत्तावन्न सालच्या जूनमध्ये मात्र नुसत्या खुर्चीचा प्रश्न नव्हता. तन्नूस तुरुंगात होता. वसंतात एका लग्नात दारू डोक्यात गेली, शेजारच्या गावच्या एका पोराशी जुंपली आणि तन्नूसने मेजावरची सुरी उचलली. पोरगा वाचला, पण सरकारी वकील तन्नूसला कैक वर्षं आत घालायला टपला होता. नख्ले बेगच्या पाया पडायला गेला तेव्हा बेग सफरचंद सोलत होता.

"निवडणुकीचा निकाल लागू दे," बेग म्हणाला. "पोरगा तुझ्या ओट्यावर येईल. खटल्याचंही बघू. पण नख्ले, माझ्या स्वतःच्या गावातून माझ्या यादीवर एक ओरखडा नको. मी सलीबाला शब्द दिलाय."

यादीत तिघं होते. पहिला अर्थातच बेग. दुसरा शहरातला एक वकील, उस्ताद इस्कंदर. तिसरा सलीबा, रेशमाच्या कारखान्यावर गब्बर झालेला व्यापारी. प्रचाराचं पेट्रोल त्याचं, मटण त्याचं, हवेत उडवायच्या गोळ्याही त्याच्याच. मतदाराने आपली चिठ्ठी आपणच न्यायची, अशी तिथली रीत. यादीतलं एखादं नाव पसंत नसेल तर त्यावर रेघ मारायची आणि बाकीची ठेवायची. कायद्याने मोकळीक होती. कायद्याने पुष्कळ गोष्टींची मोकळीक असते.

म्हणूनच तर किल्ल्या होत्या. आणि नख्लेसारखी किल्ली सगळ्या जिल्ह्यात नव्हती.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी तो चटईवर मांडी घालून चिठ्ठ्यांच्या घड्या घालत होता. त्याची बायको, हिलाने तिचं नाव, पलीकडे कणीक तिंबत होती. काम मनासारखं जमलं की बढाई मारल्याशिवाय त्याला राहवत नसे, आणि ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

"नावं तीनच ना?" तो म्हणाला. "पण पुढेमागे केली की चिठ्ठी वेगळी झाली. मितरीच्या घरी वकील सगळ्यात वर. पाद्रीबाबांच्या घरी बेग वर, पण बापाच्या नावासकट. गवंड्याच्या घरी बापाचं नाव गाळलंय. उद्या मोजणीला आलेला साहेब एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचणार, आणि मी नुसता बसून सांगणार, ही कुणाच्या चुलीवरची."

"त्यांना माहितीय?"

"कुणाला?"

"ज्यांच्या चुली आहेत त्यांना."

"त्यांना कशाला? गुपचूप घडी घ्यायची, गुपचूप टाकायची. एकजण जरी फिरला तरी मला कळतं. मला, आणि फक्त मला." त्याने कपाळावर बोट आपटलं. "कागदावर काही नाही. सगळं इथे."

"आणि आपली चिठ्ठी?"

इथे त्याने गप्प बसायला हवं होतं. पण गडी रंगात आला होता.

"आपल्या चिठ्ठीवर सलीबा वर. मग बेग, मग वकील. अख्ख्या गावात तशी फक्त आपलीच."

हिलानेचे हात कणकेत तसेच राहिले.

"त्या माणसाचं नाव," ती म्हणाली, "सगळ्यात वर. माझ्या घरातून."

"अगं, कुणाच्या तरी घरातून जायला हवंच होतं. दुसऱ्या कुणाला दिली असती तर तोंडं वाकडी केली असती. गावात त्याच्यावर कोण प्रेम करतंय? म्हणून आपल्याकडे ठेवली. नाव म्हणजे काय, शाईच ना?"

हिलानेला नजला आठवली. नजला तिची धाकटी बहीण. चौदा-पंधराव्या वर्षी सलीबाच्या कारखान्यात लागली. उकळत्या पाण्यात कोष बुडवायचे आणि वाफेत बसून धागा काढायचा. मुली मध्येच उठून जाऊ नयेत म्हणून बाहेरून कुलूप असे. एके दिवशी सकाळीच नजला रक्त ओकली. बाकीच्या मुलींनी दार बडवलं. सलीबा अंगणातच होता, कोषांची पोती उतरवून घेत होता. सुट्टीच्या वेळेला दार उघडेल, असं तो म्हणाला. सुट्टीच्या वेळेला दार उघडलं तेव्हा हिलाने बाहेर उभी होती, बहिणीला घरी न्यायला. नेली तिने. पण चालवत नाही, मुलींच्या खांद्यावरून.

हे नख्लेला ठाऊक नव्हतं असं नाही. लग्नाआधीच ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि मनात ठेवणं वेगळं, आणि नख्लेच्या डोक्यात त्या आठवड्यात चिठ्ठ्यांशिवाय दुसरं काही मावत नव्हतं.

"तन्नूससाठी," तो जरा नरमाईने म्हणाला.

"कळलं," हिलाने म्हणाली आणि पुन्हा कणीक तिंबायला लागली.

रविवारी प्रार्थना आटोपली आणि सगळं गाव चर्चमधून थेट शाळेत गेलं. बायकाही मत देणार म्हणून सणासारखे कपडे घालून आल्या होत्या. नख्ले दाराशी उभा होता आणि आपल्या माणसांना पडद्याआड जाऊन बाहेर येताना डोळ्यांत तेल घालून बघत होता. हिलानेला तर त्याने स्वतः हाताला धरून आत सोडलं. ती जितकी आत राहिली तितकी कुठलीही बाई राहत होती. पडद्यामागून आली, पाकीट पेटीत टाकलं आणि मान खाली घालून घरी गेली.

संध्याकाळी पेटी फुटली. मुलांच्या बाकांवर सगळे पुरुष दाटीवाटीने बसले होते. शहरातून आलेला अधिकारी पाकीट फाडायचा, चिठ्ठी उलगडायचा, नावं वाचायचा. त्याच्या मागे बेगचा कारभारी तौफीक एफेंदी सिगारेट ओढत होता. नख्ले पहिल्या बाकावर होता. वकील, बेग, सलीबा. मितरी. बेग बापासकट. पाद्रीबाबा. एकेक घर येत होतं आणि नख्लेचा ऊर भरून येत होता. त्याची स्वतःची चिठ्ठीही येऊन गेली: सलीबा, बेग, वकील. आता तसलीच आणखी एक यायची होती.

अधिकाऱ्याने पाकीट फाडलं आणि भुवया उंचावल्या.

"पहिलं नाव खोडलंय," तो म्हणाला. "चांगलंच घासलंय, कागद फाटायचा राहिलाय. खाली शाकिर बेग. त्याच्या खाली उस्ताद इस्कंदर."

नख्लेने मनात हिशोब मांडला.  पहिलं नाव खोडलंय, म्हणजे पहिलं नाव सलीबाचं. आणि सलीबा पहिला असलेली चिठ्ठी गावात एकाच घरची. त्या घरात आजमितीला दोनच माणसं, आणि त्यातलं एक इथे बाकावर बसून घामाने भिजत होतं.

मोजणी संपल्यावर तौफीक एफेंदीने त्याला अंगणातल्या अक्रोडाखाली नेलं. लांब कुठे तरी रेडिओ चालू होता. बेग निवडून आल्यातच जमा होता, गोळ्या उडायला लागल्या होत्या.

"सलीबा पडतोय," तौफीक म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नव्हता. "बऱ्याच गावांत त्याच्या नावावर रेघा आल्यात. आता त्या कशा आल्या, ते तू विचारू नकोस आणि मी सांगत नाही."

नख्ले जुनी किल्ली होता. त्याला सांगायची गरज नव्हती. बेगनेच सलीबाचा पैसा खाल्ला आणि बेगनेच गुपचूप त्याला छाटला. संसदेत बरोबर नेऊन त्याला मोठं कोण करणार?

"मग एफेंदी, आमच्या एका रेघेचं काय एवढं?"

"तेच तर. सलीबा उद्या सकाळी बेगच्या घरी येणार, तोंडाला फेस आणून. म्हणणार, तुझ्या स्वतःच्या गावातही मला खोडलं, म्हणजे हे सगळं तुझंच काम. तेव्हा बेगला म्हणता यायला हवं की माझ्या गावातला गद्दार हा, आणि हे बघ मी त्याचं काय केलं. कळलं? कोण आहे?"

ओळखता आलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ज्याला ओळखता येत नाही ती किल्ली कसली? आणि तन्नूस अजून आतच होता.

नख्लेचं डोकं भराभर चाललं. मितरी. बेगच्या जर्दाळूच्या बागेचं कूळ. मऊ माणूस, कुणाशी भांडण नाही. त्याची सून सैदे पलीकडच्या गावची, विरुद्ध बाजूने उभ्या असलेल्या डॉक्टरच्या गावची. कुणालाही पटेल. आणि बेग मितरीवर किती दिवस राग धरून ठेवणार? एखादा हंगाम. मग आपणच मध्ये पडून मिटवू. माणूस दुसऱ्याची मान कापताना किती प्रेमाने विचार करतो, बघा.

"मितरीचं घर," नख्ले म्हणाला.

"खात्री?"

"एफेंदी, माझ्या खुणा कधी चुकल्यात?"

घरी आला तेव्हा हिलाने ओट्यावर मसूर निवडत बसली होती.

"तू केलंस," तो म्हणाला.

"केलं."

"कशाने?"

"चुलीतल्या कोळशाने. तुकडा रुमालात बांधून नेला होता." तिचा आवाज अगदी सरळ होता. "वाचता येत नाही मला, पण सगळ्यात वरची ओळ कुठली ते कळतं. तुम्हीच सांगितलंत."

"आणि तन्नूस? पोटच्या पोराचा विचार आला नाही?"

"बेगला दिलंय ना मत? त्याच्या नावाला हात लावला नाही मी. तन्नूसला बेग सोडवणार, सलीबा नव्हे. आणि कुणाची चिठ्ठी ते तुम्हालाच कळणार होतं, तुम्हीच म्हणालात, फक्त तुम्हाला." ती त्याच्याकडे बघायला लागली. "तुम्ही काय सांगितलंत?"

त्याने सांगितलं. हिलानेच्या मांडीवरचं ताट कलंडलं आणि मसूर ओटाभर पसरला.

"मितरी? त्याने काय घोडं मारलंय तुमचं? जा. आत्ता जा आणि खरं सांगा."

"पोरगा सुटू दे. मग सांगतो."

"नक्की?"

"बापाची शपथ."

पोरगा सुटला. जामिनावर का होईना, बेगच्या मोटारीतून आला, तोंड उतरलेलं, कपड्यांना तुरुंगाचा वास. हिलानेने त्याला छातीशी धरलं, रडली, न्हाऊ घातलं, आणि तो झोपल्यावर नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आता."

"खटला अजून उभा आहे," नख्ले म्हणाला. "न्यायाधीश बेगच्या शब्दातला. खटला निकाली निघू दे."

तोवर सलीबाचा फेस जिरला होता. बेगने त्याच्यादेखत मितरीला बोलावून घेतलं, सगळ्यांसमोर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि बाग काढून घेतली. मितरीच्या बापाने त्या बागेचे बांध दगड वाहून घातले होते. जर्दाळू पिकायला लागले होते, ते तोडायलाही मुदत मिळाली नाही. सलीबा म्हणे समाधानाने मान हलवत उठला आणि बेगबरोबर जेवून गेला. मोठ्या माणसांचं बरं असतं, त्यांची भांडणं जेवणाच्या वेळेपर्यंत मिटतात.

नख्ले वेगळ्या रस्त्याने ये-जा करू लागला. मितरीच्या दारावरून जाणं त्याला नको होतं. एक दिवस मितरी येईल, गळा धरेल, माझी चिठ्ठी मी सरळ टाकली म्हणून ओरडेल, हे तो धरूनच चालला होता. त्याचं उत्तरही त्याने तयार ठेवलं होतं.

मितरी आला खरा. दुपारी, जेवणं चालू असताना. तन्नूस चटईवर बसून रोटीने ताटातलं दही निपटत होता. मितरीच्या हातात जर्दाळूंची टोपली होती. बागेच्या बांधाबाहेर एक झाड त्याच्या स्वतःच्या जागेत होतं, त्याची फळं. त्याने टोपली दारात ठेवली आणि डोक्यावरची टोपी काढली.

"अबू तन्नूस," तो म्हणाला, "मी माफी मागायला आलोय."

नख्लेच्या तयार उत्तरात याला जागा नव्हती.

"तुझं तोंड काळं झालं आमच्यामुळे," मितरी बोलत होता. "तू बेगला सगळ्या गावाचा शब्द दिलास, आणि माझ्या घराने दगा दिला. पहिल्यांदा मला पटेना. मी माझी टाकली, म्हातारीने माझ्यासमोर घडी उघडलीसुद्धा नाही, पोरगा तर माझ्याहून बेगचा. मग राहिलं कोण? सैदे. विचारलं तिला. नाही म्हणाली. येशूची शपथ घेतली, तान्ह्याच्या डोक्यावर हात ठेवला. पण अबू तन्नूसने ओळखलंय म्हटल्यावर तिच्या शपथेला काय अर्थ? माझ्या पोराने तिला मारलं. मी आडवा गेलो नाही. मग माहेरी घालवून दिली. मूल अंगावरचं आहे, म्हणून तेवढं बरोबर दिलं."

नख्ले आपल्या हाताकडे बघत होता. हातात रोटीचा तुकडा होता, तो त्याला खाली ठेवताही येईना.

"बाग गेली त्याचं मी काही म्हणत नाही," मितरी म्हणाला. "चूक आमची. फक्त तुझ्या मनात राग राहू नये."

चुलीपासून हिलाने उठली. ती मितरीच्या समोर जाऊन उभी राहिली.

"मितरी, ती रेघ मी मारली."

मितरी तिच्याकडे बघतच राहिला.

"माझी चिठ्ठी होती ती. सलीबाचं नाव वर होतं, मी कोळशाने खोडलं. माझ्या बहिणीसाठी. नजला आठवते ना तुला? तू तर तिच्या मयताला खांदा दिला होतास. सैदेने काही केलं नाही. तुझ्या घरात कुणीच काही केलं नाही. आज जा आणि तिला घेऊन ये. पाया पड तिच्या."

मितरीचे डोळे भरून आले. त्याने वाकून हिलानेचा हात धरला आणि कपाळाला लावला.

"उम्म तन्नूस," तो म्हणाला, "देव तुझं भलं करो. परक्याच्या सुनेसाठी स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती."

"अरे मूर्खा, मी खरं सांगतेय! कोळसा रुमालात नेला होता मी!"

"कळतं मला. तुला तिची दया आली. तिच्या तान्ह्या पोराची आली. मलाही येते, बहिणी, रात्री झोप लागत नाही. पण तुझ्या घरातून बेगच्या यादीला ओरखडा? किल्लीच्या घरातून? तुझा पोरगा आत असताना?" तो ओल्या डोळ्यांनी हसला. "हे कुणाला तरी पटेल का?"

"यांना विचार," हिलाने म्हणाली. तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं. "विचार यांना."

तन्नूसने खाणं थांबवलं होतं. तो एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत होता. तुरुंगात त्याची मान बारीक झाली होती. मितरी अदबीने नख्लेकडे वळला आणि वाट बघत उभा राहिला. एक शब्द पुरला असता. शब्दही नको, नुसती मान हलली असती तरी सैदे संध्याकाळपर्यंत घरी आली असती.

"ती अशीच आहे," नख्ले म्हणाला. "कुणाचं दुःख बघवत नाही तिला."

मितरीने मान डोलावली. तो टोपी घालून निघाला, जाताना तन्नूसच्या पाठीवरून हात फिरवून गेला.

 हिलानेने डोक्याला रुमाल बांधला आणि त्या दुपारी ती घरोघर फिरली. गवंड्याकडे गेली, शिक्षकाकडे गेली, पाद्रीबाबांकडे गेली. डोंगर उतरून सैदेच्या माहेरीही गेली. सगळीकडे तेच सांगितलं, कोळशासकट, नजलासकट. लोकांनी तिला बसवून घेतलं, पाणी दिलं. बायकांनी डोळे पुसले. तिची पाठ फिरताच म्हणाल्या, काय मन आहे बाईचं. सैदेच्या बापाने तेवढं तिला खालीही बसू दिलं नाही. पोरीची अब्रू गेल्यावर आता गोड बोलायला पाठवलंय का, म्हणाला.

पुढच्या रविवारी पाद्रीबाबांनी प्रवचनात तिचं नाव घेतलं. दुसऱ्याचं पाप आपल्या माथी घ्यायला निघालेली स्त्री आपल्या गावात आहे, असं ते म्हणाले. हिलाने त्या दिवशी आली नव्हती, नंतरही कधी आली नाही. नख्ले पहिल्या बाकावर तन्नूसशेजारी बसला होता. लोक वळून वळून कौतुकाने त्याच्याकडे बघत होते, आणि मागच्या बाकावरून मितरीने हात लांब करून त्याचा खांदा थोपटला.